स्लॅब फोडणे

स्लॅब फोडणे : प्रतवारी होऊन प्लॅस्टिकच्या बंद डबीत आलेले संग्राह्य नाणे, डबी मोडून, पण नाण्याला ओरखडाही न येऊ देता बाहेर काढण्याची क्रिया. नाणेसंग्राहक या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात.

अमेरिकेत पीसीजीएस या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये आणि तशाच एनजीसीने १९८७ मध्ये १ ते ७० गुणांच्या शेल्डन श्रेणीनुसार नाण्यांची प्रत ठरवून ती अशी बंद करून द्यायला सुरुवात केली. डबीची दोन्ही अंगे कडेने कंपनाने सांधलेली असतात. कुणी छेडछाड केली तर ती दिसावी, हाच त्यामागचा हेतू. त्यामुळे स्लॅब उघडत नाही, मोडावाच लागतो. नाणे अल्बममध्ये लावायचे असते, किंवा प्रत कमी लागली असे वाटून ते पुन्हा तपासायला द्यायचे असते, तेव्हा संग्राहक हा मार्ग धरतात.

त्याआधी थांबून विचार करावा. उदाहरणार्थ, पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून १९१२ मध्ये तो ठसा सुधारला गेला. हा रुपया आता शंभरीपार आहे, आणि भारताच्या १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे असे नाणे एकदा बाहेर काढले की परदेशी संस्थेकडे परत जाणे नाही, आणि तिची हमीही संपली.

तरीही काढायचेच असेल तर जोर नेहमी कडेवर द्यावा, नाण्याच्या बाजूला कधीच नाही. सोलापुरात यंत्रमागाच्या जॉबरकडे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, असते तशी धारदार साइड कटर (तार कापायची पक्कड) यासाठी उत्तम. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कडक प्लॅस्टिकच्या चिपा उडतात. आधी लेबलकडचे कोपरे थोडेथोडे कापत जावे. सांधा तडकला की स्लॅब सोलापुरी टेरी टॉवेलमध्ये गुंडाळून हाताने पिळावा, अंगे सुटी होतात. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालायचा झाल्यास त्याचे टोक नाण्यापासून लांबच्या कडेला ठेवावे. हातोडा वर्ज्य. करवतीने भुसा नाण्यावर बसतो, आणि ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळून चिकट थर चढतो, म्हणून तेही नकोत.

नाण्याला धरून ठेवणाऱ्या आतल्या कडीतून नाणे बोटांनी हळूच ढकलून मऊ कापडावर घ्यावे. ते फक्त कडेला धरावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तळव्यांना घाम फुटतो; घामाच्या बोटाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटतो. म्हणून हे काम सकाळच्या गारव्यात, हात धुऊन पुसून करावे. बाहेर आलेले नाणे चोळू नये, पुसू नये. थेट मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवावे. मऊ पीव्हीसीची पाकिटे स्वस्त मिळतात, पण काही वर्षांत त्यांतून हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो.

लेबल टाकून देऊ नये. ते संस्थेला परत पाठवले की त्या प्रतीच्या नाण्यांच्या मोजणीतून त्यावरचा क्रमांक वगळला जातो. नाहीतर पुन्हा स्लॅबमध्ये गेलेले एकच नाणे दोनदा मोजले जाते.