साहस विकत घेताना: सामायिक मोहीम चालवणाऱ्यांसाठी आणि खेळणाऱ्यांसाठी

आमचं साहस म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळातली, चार तासांत संपणारी एक गोष्ट. प्रत्येक खेळाडू एक पात्र साकारतो आणि गेम मास्टर गोष्ट चालवतो. पीडीएफ घ्या किंवा छापील पुस्तिका, आत तीन-चार प्रसंग, लढायांचे नकाशे, भेटणाऱ्या पात्रांची माहिती आणि शेवटी बक्षिसांचं पान असतं. घरी नेहमीच्या मित्रांबरोबर खेळणार असाल तर यातलं काहीही बदला. सामायिक मोहिमेत, म्हणजे अनेक टेबलांवर एकाच जगात चालणाऱ्या खेळात, भाग घेणार असाल तर मात्र बक्षिसांचं पान जसंच्या तसं ठेवा.

हा आग्रह का, ते सांगतो. सामायिक मोहिमेत पात्र खेळाडूबरोबर फिरतं. आज बार्शीत खेळलेली तिसऱ्या लेव्हलची तिरंदाज पुढच्या रविवारी सोलापुरात अनोळखी चौघांबरोबर बसते. बार्शीच्या गेम मास्टरनं खूश होऊन तिला पुस्तिकेत नसलेलं अग्निबाणांचं धनुष्य दिलं असेल, तर सोलापूरच्या टेबलावर राक्षस पहिल्याच फेरीत आडवा होतो आणि बाकीचे चौघे फासे हातात घेऊन बसून राहतात. त्यांच्यातला एखादा पहिल्यांदाच आलेला असतो. तो पुन्हा येईल का? एका टेबलावरचा उदारपणा असा दुसऱ्या टेबलाला भोवतो. म्हणून सोनं किती आणि जादूची वस्तू कोणती, हे पुस्तिकेत ठरलेलं असतं. खेळ संपला की प्रत्येकानं नोंदपत्रकावर साहसाचा क्रमांक, तारीख, मिळालेलं आणि खर्चलेलं सोनं लिहायचं, वापरलेलं औषध खोडायचं आणि गेम मास्टरची सही घ्यायची. एक पात्र एक साहस एकदाच खेळतं. साहस चालवणाऱ्याला स्वतःच्या एका पात्रासाठी तेच बक्षीस घेता येतं. चार तास दुसऱ्यांसाठी राबणाऱ्याचा तो हक्कच आहे.

बाकी सगळं तुमच्या हातात. खेळाडूंनी लढाई टाळून बोलणी केली, किंवा आम्हाला सुचलीच नव्हती अशी वाट काढली, तर ती मान्य करा आणि बक्षीस पूर्ण द्या. टेबल तिघांचं असो की सातांचं, प्रत्येक लढाईखाली शत्रू किती कमी-जास्त करायचे याची चौकट आहे. पाच खेळाडूंची एक लढाई सहज पाऊण ते एक तास खाते, म्हणून वेळ कमी पडला तर कोणता प्रसंग गाळायचा तेही आम्ही खूण करून ठेवतो.

ही पद्धत जुनी आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ 1974 मध्ये आला, त्याच्या खेळाडूंची आरपीजीए ही संघटना 1980 मध्ये उभी राहिली आणि 1987 पासून ‘लिव्हिंग सिटी’ या सामायिक मोहिमेत अनेक टेबलं एकाच काल्पनिक शहरात खेळू लागली. आम्हाला सर्वांत भावली ती 2000 ते 2008 या काळातली ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ ही मोहीम. तिच्यात खरे देश आणि राज्यं काल्पनिक प्रांतांना जोडलेली होती. प्रांताचं साहस त्या-त्या भागातच खेळता यायचं. आम्ही सोलापूर जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांचे अकरा प्रांत केले आहेत. करमाळ्याचं साहस खेळायला करमाळ्याला जावं लागतं. जावंच.

जग आमचं स्वतःचं आहे. तळ्याकाठचा भुईकोट, गिरणीची चिमणी, मागांचा खडखडाट, एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसं. कोणाला कोणती भाषा येते यावर आमच्या कथांत बरंच अवलंबून असतं. सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेवर, म्हणजे गड्ड्यावरही एक साहस आहे. त्यात गर्दी, पाळणे, दुकानं आणि एक चोरी आहे. त्या यात्रेतले नंदीध्वज आणि ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांना आम्ही खेळात आणलेलं नाही, तुम्हीही आणू नका.

खेळाचे मूळ नियम जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येतील असे, खुले झालेल्या ‘एसआरडी 5.1’ या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमसंचातले आहेत. त्या परवान्याची ओळ शेवटच्या पानावर आहे. झेरॉक्स काढताना ती वगळू नका. स्वतःच्या टेबलासाठी हव्या तेवढ्या प्रती काढा, पण पीडीएफ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आमचं नुकसान होतंच, शिवाय रहस्य आधीच वाचलेल्या खेळाडूची मजाही जाते.

मागणी नोंदवताना तालुका, खेळाडूंची संख्या आणि पात्रांच्या लेव्हल कळवा. साहसांचे गट 1 ते 4, 5 ते 10, 11 ते 16 आणि 17 ते 20 असे आहेत. पहिल्यांदाच चालवणार असाल तर पहिल्या गटातलं घ्या. खेळ झाल्यावर पुस्तिकेतलं निकालपत्र भरून आठवडाभरात पाठवा: चोर सुटला की पकडला, गढी कोणाच्या ताब्यात गेली. बहुसंख्य टेबलांवर जे घडलं, तेच पुढच्या साहसात खरं धरलं जातं.