फॉरमॅट मारला, पण पुसलं काय?

जुना कॉम्प्युटर कुणाला द्यायचा झाला की पहिला सल्ला ठरलेला: 'फॉरमॅट मारून दे.' आपण क्विक फॉरमॅटवर टिचकी मारतो आणि ५०० जीबीची डिस्क अर्ध्या मिनिटात 'रिकामी' होते. शंका यायला हवी ती इथेच. जुनी फिरती डिस्क सेकंदाला फार तर १०० एमबीच्या आसपास लिहू शकते. त्या हिशेबाने सगळी डिस्क खरोखर पुसायला जवळपास दीड तास लागेल. मग अर्ध्या मिनिटात पुसलं काय?

आधी पार्टिशनचं, म्हणजे एकाच डिस्कचे सी, डी असे भाग पाडतो त्यांचं बघू. डिस्क सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ बाइट कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, शेवटचे दोन ओळखखुणेचे. मधल्या ६४ बाइटमध्ये पार्टिशनचा तक्ता. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य पार्टिशन जास्तीत जास्त चारच. ही मांडणी १९८३ सालची, आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर आलेली. त्या मशीनची डिस्क होती १० एमबीची! नोंदीत असतं तरी काय, तर पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं, किती सेक्टरचं आहे आणि कुठल्या प्रकारचं आहे. सेक्टर मोजायला ३२ बिटच ठेवल्यामुळे हा तक्ता साधारण २.२ टीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. तक्ता मांडायच्या नव्या, जीपीटी नावाच्या पद्धतीत ती अडचण उरली नाही, शिवाय तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

म्हणजे डी ड्राइव्ह उडवला, की बदलते ती ही १६ बाइटची नोंद. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेतातला ऊस काही हलत नाही.

क्विक फॉरमॅटही याच जातीचा. तो फाइलींची नवी, कोरी यादी लिहितो. जुन्या फाइली आपल्या जागी तशाच पडून राहतात, नवं काही त्यांच्यावर लिहिलं जाईपर्यंत. गेलेल्या फाइली परत मिळवणारा फोटोरेकसारखा फुकट प्रोग्राम यादीकडे बघतच नाही. तो एकेक सेक्टर वाचत खुणा हुडकतो. जेपेग फोटोची सुरुवात नेहमी एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटनी होते. ती दिसली, की लग्नाचा अल्बम परत हाती!

अमेरिकेत एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलात यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. १२९ डिस्क वाचता आल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर सापडले.

मग पूर्ण फॉरमॅट? विंडोज एक्सपीतला पूर्ण फॉरमॅट वेळ खायचा खरा, पण तो खराब सेक्टर शोधण्यात. विंडोज व्हिस्टापासून पुढे मात्र तो सगळीकडे शून्यं लिहितो. त्यामुळे एक्सपीच्या सीडीवरून फॉरमॅट केलेल्या डिस्कवर विसंबू नका. विंडोजमधल्याच डिस्कपार्ट या प्रोग्रामची 'क्लीन ऑल' ही आज्ञा अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिते. डिस्कचा नंबर मात्र दोनदा बघून घ्या, कारण ती दुसऱ्यांदा विचारत नाही. नुसतं 'क्लीन' लिहिलं तर तक्ता जातो, माल राहतो.

शून्यं कितीदा लिहायची? पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये ३५ फेऱ्यांची पद्धत सुचवली आणि लोक अजून ती उगाळतात. ती तेव्हाच्या वेगवेगळ्या तंत्रांच्या डिस्क धरून आखलेली होती, आणि आजच्या डिस्कना तिची गरज नाही हे गटमन यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. एक फेरी पुरते. दुकानात 'लो लेव्हल मारून देतो' म्हणतात, तेही बहुधा हेच काम असतं. खरा लो लेव्हल फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर सेक्टर आखण्याचं काम, आता कारखान्यातच होतो.

जुन्या मशीनमध्ये मागाहून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, बसवली असेल, तर मात्र हा मार्ग सोडा. तिच्यात कुठला डेटा कुठल्या चिपवर जाईल हे आतला कंट्रोलर ठरवतो, आणि तुम्ही शून्यं लिहिलीत तरी काही जुन्या जागा त्यातून सुटतात. तिथे डिस्कच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरमधला सिक्युअर इरेज हा पुसण्याचा पर्याय वापरायचा.