उन्हाळ्यात मासा गळाला लागत नाही, हे खरे आहे का?

उष्ण किनाऱ्यावर हौसेने गळ टाकणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे की, पाणी तापले की मासा सुस्तावतो, खाणे सोडतो आणि म्हणून उन्हाळ्यातली सहल वाया जाते. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. बहुतेक माशांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. पाणी कोमट झाले की त्यांचा चयापचय वाढतो आणि, सोसवेल त्या मर्यादेपर्यंत, भूकही वाढते. अडचण आहे ती प्राणवायूची. समुद्राच्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो सव्वासहाच्या आसपास उतरतो. त्यामुळे दुपारी मासा उथळ, साचलेले पाणी सोडून खोल कडेला, पुलाच्या सावलीत किंवा खाडीच्या वाहत्या मुखाशी जातो. आपण मात्र रिकाम्या जागी गळ टाकून बसतो आणि दोष उन्हाळ्याला देतो.

तेव्हा सहल आखताना महिन्यापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे. जिथे दिवसातून दोनदा भरती येते, तिथे ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकत असल्याने, पहाटेच्या गारव्यात पाणी वाहते असेल असे दिवस निवडता येतात. मासा परत सोडायचा असेल तर झुंज लांबवू नये. कोमट पाण्यात दमलेला मासा लवकर सावरत नाही, आणि पोहत गेलेला प्रत्येक मासा जगतोच, हाही एक सोयीचा गैरसमज आहे. हात ओले करून, त्याला पाण्यातच धरून गळ काढावा.