पाठीतलं पाणी टीबीसारखं, पण आजार बुरशीचा

तरणाताठा माणूस, शुगर नाही, एचआयव्ही निगेटिव्ह, आणि तीन आठवडे डोकं ठणकतंय, मधूनच ताप, मग उलट्या, मग एकाचे दोन दिसायला लागतात. पाठीतलं पाणी काढलं की रिपोर्ट येतो, लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेत, प्रोटीन जास्त, साखर कमी. टीबीचा मेंदूज्वर म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू! आपल्याकडे टीबी इतका आहे की हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो, पण क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वरातही पाणी अगदी अस्संच येऊ शकतं.

आणि ही बुरशी फक्त एचआयव्हीवाल्यांना होते हे मनात इतकं पक्कं बसलंय की एचआयव्ही निगेटिव्ह आला की तिचा विचारच मागे पडतो. हे फार वाईट आहे. १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर आयलंडवर या बुरशीच्या गॅटी जातीने लोक आजारी पडू लागले, माती-झाडांवरची बुरशी श्वासावाटे आत गेलेली, आणि त्यातल्या बहुतेकांना एचआयव्ही नव्हता. पुढे अशा वरवर धडधाकट दिसणाऱ्या काही पेशंट्सच्या रक्तात जीएम-सीएसएफ या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे या प्रोटीनवर चालणाऱ्या, बुरशी मारणाऱ्या पेशींचं कामच अडलेलं, आणि हे नेहमीच्या तपासण्यांत कळत नाही.

जुनी टेस्ट शाईची. पाण्याच्या थेंबात इंडिया इंक मिसळून मायक्रोस्कोपखाली बघायचं, सगळं काळं आणि मधेच खळं पडलेल्या चंद्रासारखी एखादी गोल पेशी, कारण तिच्याभोवतीच्या चिकट आवरणात शाई शिरत नाही. पण एचआयव्ही नसलेल्यांच्या पाण्यात बुरशी कमी असते, त्यामुळे शाईची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं अजिबात समजू नये. त्या आवरणाचेच तुकडे शोधणारी क्रिप्टोकॉकल अँटिजेन टेस्ट आहे, पट्टीवर दहा मिनिटांत होते आणि शाईपेक्षा कितीतरी जास्त केसेस पकडते. शिवाय कल्चर लावायचंच, म्हणजे पाण्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायची, पाणी भरपूर घेऊन, आणि ते कल्चर लवकर फेकून द्यायचं नाही.

हे सगळं एवढ्यासाठी की बुरशीचं औषधच वेगळं, अँफोटेरिसिन बी आणि फ्लुसायटोसिन, एकेटीने ती मरत नाही. आणि पाणी काढतानाच मॅनोमीटर लावून त्या पाण्याचं प्रेशर मोजायला सांगा, नळीत पाणी २५ सेंटिमीटरच्या वर चढलं तर पुन्हा पुन्हा पाणी काढून ते उतरवावं लागतं, नाहीतर बुरशी आटोक्यात आली तरी नजर जाऊ शकते.