कार्यात्मक दृष्टी आणि जीवनगुणवत्ता: दृष्टिबाधित ग्रामीण विद्यार्थ्याला आपण नेमके काय विचारतो?

समजा, एका जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात चष्मा लावूनही 6/60 एवढीच दृष्टी असलेली दोन मुले आहेत; म्हणजे सामान्य डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर त्यांना सहा मीटरवर आल्याशिवाय ओळखता येत नाही. मुलीला पहिल्या बाकावरूनही फळ्यावरचे नीट दिसत नाही, पण शेजारची मैत्रीण तिला हळू आवाजात वाचून दाखवते आणि मधल्या सुट्टीत दोघी बरोबर डबा खातात. मुलगा मात्र पुस्तक डोळ्यांजवळ धरून सगळे वाचतो आणि फळ्यावरचेही उतरवून घेतो, पण त्याला कोणी खेळायला घेत नाही आणि त्याच्या डोळ्यांवरून पडलेले नाव वर्गभर झाले आहे. अशा मुलांची दोन मोजमापे होतात, एक कार्यात्मक दृष्टीचे आणि दुसरे जीवनगुणवत्तेचे; पहिल्यात हा मुलगा पुढे असेल आणि दुसऱ्यात मुलगी पुढे असेल. दोन्ही मोजमापे प्रश्नावलीनेच होतात आणि दोन्ही दृष्टिबाधित मुलांसाठीच असतात, त्यामुळे अहवालांत त्यांची गल्लत सहज होते.

पहिले मोजमाप कार्यात्मक दृष्टीचे, म्हणजे उरलेल्या दृष्टीच्या बळावर रोजची कामे कितपत जमतात याचे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत तयार होऊन 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली हे याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. आठ ते अठरा वर्षांच्या 78 दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना तोंडी विचारून ती तपासली गेली. तिच्यातले प्रश्न रोजच्या जगण्यातले आहेत: फळ्यावरचे उतरवून घेताना अडचण येते का, सुईत दोरा ओवता येतो का, हात न लावता एक आणि दोन रुपयांची नाणी वेगळी ओळखता येतात का, ताटातले अन्न सापडते का.

दुसरे मोजमाप जीवनगुणवत्तेचे. इथे एक शब्द सांभाळला पाहिजे, कारण मराठीत ‘जीवनमान’ म्हटले की घर, उत्पन्न आणि सोयीसुविधा डोळ्यांसमोर येतात, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जीवनगुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये, अपेक्षा आणि काळज्या यांच्या संदर्भात माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते ते. ऑस्ट्रेलियात मुलांसाठी तयार झालेली, दृष्टिदोषाचा जगण्यावरचा परिणाम विचारणारी 24 प्रश्नांची प्रश्नावली या बाजूची आहे. मुलाचा आत्मविश्वास आणि शाळेत इतरांशी जुळणारे किंवा न जुळणारे नाते असे विषय तिच्यात येतात.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी या दोन्हींहून वेगळी असते. ती दृष्टीची तीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र (नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे जेवढे दिसते तेवढा भाग) यांवरून काढली जाते, त्यामुळे तिच्यावरून वरच्या दोघांपैकी कोणाविषयीही अंदाज बांधू नये.

गल्लतीचा खरा तोटा मदत दिल्यानंतर दिसतो. आठवीतल्या मुलाला फळा पाहण्यासाठी हातात धरायची छोटी दुर्बीण दिली, की ती लावून पाहताना कार्यात्मक दृष्टीचे गुण वाढतात आणि अहवालात ‘जीवनगुणवत्ता सुधारली’ असे लिहिले जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात सगळ्या वर्गासमोर दुर्बीण डोळ्याला लावायची लाज वाटून ती दप्तरातच राहते, हा अल्पदृष्टीच्या मुलांबाबत वारंवार येणारा अनुभव आहे. दिसण्याची सोय झाली, पण वेगळे दिसण्याचे दुःख वाढले, हे कळायला दुसरीच प्रश्नावली लागते.

खेड्यात दोन्ही मोजमापे नव्याने पारखावी लागतात, पण त्यामागची कारणे वेगळी आहेत. हैदराबादच्या प्रश्नावलीत बसचा क्रमांक वाचण्याचा, बुटाची नाडी बांधण्याचा आणि रस्त्यावर दिवे असताना रात्री एकट्याने घरी येण्याचा प्रश्न आहे. ज्या गावात दिवसातून एकच एसटी येते, तिथे मूल ती वेळेवरून ओळखते. पायात चप्पल असेल तर नाडीचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी ‘अडचण नाही’ हे उत्तर चांगल्या दृष्टीचे लक्षण ठरत नाही. म्हणून ‘हे काम मी करतच नाही’ असा वेगळा पर्याय द्यावा आणि ते उत्तर गुणांत मोजू नये. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रश्नांची काठिण्यानुसार एक चढण तयार होते, त्यामुळे काही प्रश्न गळले तरी उरलेल्यांवरून मुलाचे स्थान ठरवता येते.

जीवनगुणवत्तेच्या बाबतीत अडचण भाषेची आहे. ‘डोळ्यांमुळे तुला त्रास होतो का?’ असे विचारले, तर मूल डोळे चुरचुरण्याविषयी आणि पाणी येण्याविषयी सांगेल, कारण बोलीत डोळ्यांचा त्रास म्हणजे मुख्यतः तेच. ‘खेळात घेत नाहीत तेव्हा वाईट वाटते का?’ असा नेमका प्रश्न हवा. पर्याय हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या चित्रांचे असतील, तर ज्याला चित्रच दिसत नाही त्याने काय निवडायचे? ते वाचूनच दाखवावे लागतात.

उत्तर कोणाचे घ्यायचे, इथे तर दोन्हींचे मार्ग पूर्ण वेगळे होतात. नाणी ओळखता येतात की नाही, हे आई सांगू शकते, शिक्षक सांगू शकतात, समोर नाणी ठेवून पडताळताही येते. वाईट वाटते की नाही, हे फक्त मूलच सांगू शकते. पालकांचे उत्तर घ्यायचेच असेल तर ते वेगळे नोंदवावे, मुलाच्या उत्तराच्या जागी बसवू नये, कारण पालकांच्या उत्तरात त्यांची स्वतःची काळजीही मिसळलेली असते. आणि वर्गशिक्षक शेजारी उभे असताना ‘शाळेत कोणी चिडवते का?’ या प्रश्नाला बहुतेक मुले ‘नाही’ म्हणतील, म्हणून हे प्रश्न वर्गाबाहेर, झाडाखाली किंवा रिकाम्या खोलीत, मुलाशी एकट्याने बोलून आणि त्याने मध्येच नको म्हटले तर थांबून विचारावेत. सुरुवातीच्या उदाहरणातला मुलगा पहिल्या प्रश्नावलीत त्या मुलीच्या पुढेच दिसेल. त्याच्याविषयी काही कळायचे असेल, तर ते या दुसऱ्या संवादातच कळेल.