निघणं, लागणं, सुटणं, फुटणं : स्पॅनिशमधल्या सुरुवाती
(आमच्या स्पॅनिश वर्गाच्या दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्यांसाठी)

पहिल्या टप्प्यात तुम्ही 'एम्पेसार आ', म्हणजे सुरू करणं, शिकलात. त्यावर काम भागतं, पण बोलणं पुस्तकी वाटतं. आपण तरी दर वेळी 'सुरू केलं' कुठे म्हणतो? आपण कामाला लागतो, पळत सुटतो, आपल्याला रडू फुटतं. स्पॅनिशचंही तसंच आहे, म्हणून या टप्प्यात मराठी बाजूला ठेवू नका, सोबत घेऊन या.

प्रवासाला निघताना साधं 'सालिर' पुरतं. 'पोनेर्से एन कामिनो' म्हणजे वाटेला लागणं. अभ्यासाला बसलो की 'मे पोंगो आ एस्तुदियार'. एकदम पळत सुटलो तर 'एचार आ कोरेर'. मूल चालू लागलं, की 'सोल्तार्से आ आंदार'. यातलं 'सोल्तार' म्हणजे सोडणं, आणि 'सोल्तार्से' आपल्या 'सुटणं'च्या अगदी जवळचं.

आमचं सगळ्यात आवडतं क्रियापद मात्र 'रोम्पेर', म्हणजे मोडणं, फोडणं. 'रोम्पेर आ योरार' म्हणजे रडू फुटणं, 'रोम्पेर आ सुदार' म्हणजे घाम फुटणं, 'रोम्पेर आ आब्लार' म्हणजे वाचा फुटणं. स्पॅनिश पाककृतीत 'क्वांदो रोम्पा आ एर्विर' असं दिसलं, तर पातेल्याकडे बघा: उकळी फुटली की आच कमी करायची. एल आल्बा, म्हणजे पहाट, तीही 'रोम्पे'. आपल्याकडे तांबडं फुटतं.

इथे एक चूक हमखास होते. मराठीत 'मुलीला रडू फुटलं', म्हणजे फुटतं ते रडू. स्पॅनिशमध्ये कर्ता मुलगीच: 'ला निन्या रोम्पिओ आ योरार'. 'मुलीला'मधल्या 'ला'चं भाषांतर करायला गेलात, की वाक्य बिघडतं. आणि हे क्रियापद कुठेही जोडू नका. जे आत दाटून एकदम बाहेर पडतं, त्यालाच ते शोभतं. जेवायला लागण्यासाठी 'पोनेर्से आ कोमेर' म्हणा.

मधला 'आ' गाळू नका. 'रडायला लागली' मधला 'ला' आपण कधी गाळतो का?

पहिल्या तासाला येताना घरात ऐकलेले 'लागणं', 'सुटणं', 'फुटणं'चे पाच वाक्प्रयोग वहीत लिहून आणा. आजीकडून आलेले असतील तर फारच उत्तम. त्यांच्या स्पॅनिश जोड्या आपण वर्गात मिळून शोधू.