माइंडफुलनेस म्हणजे डोकं रिकामं करणं नव्हे
"गोळ्यांनी डिप्रेशन हटत नाही ना, मग सोड त्या, माइंडफुलनेस कर, डोकं रिकामं झालं की बरं वाटेल" हे ऐकून कान किटले. अहो, डोकं रिकामं करायचंच नसतं! एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेसवर आधारलेली विचारांवर काम करणारी थेरपी, 8 आठवड्यांची असते, पहिल्यांदा हातात चक्क मनुका देतात, बघा, हुंगा, सावकाश चावा, मन भरकटलं की ओळखून परत या. 'मी बिनकामाचा' हा नुसता विचार आहे, निकाल नाही, हे दिसू लागणं हाच सराव. आणि 2016 ची ट्रायल बघा, औषधांनी फरक न पडलेले 173 पेशंट, नेहमीचे उपचार दोन्ही गटांचे चालूच होते, एमबीसीटीवाल्यांची लक्षणं जास्त उतरली पण पूर्ण बरं होण्यात ठोस फरक नाही दिसला. गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, झोप उडणं हे वेगळंच.